तुमची टीम आणि आमची टीम

वन्सं, तेराव्याला शालनताई आल्या होत्या.

दुपारची जेवणं उरकत आलेली. मी शेवटच्या पंगतीची पानं उचलत होते, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि एक बाई वाकून बाहेर आली. साठी उलटलेली, केस पांढरे, आणि उंची तुमच्याएवढी. मला वाटलं, तुमच्या दूध संघातलं कुणी असेल. "इंदीचं घर हेच न्हवं?" त्यांनी विचारलं. तुम्हाला इंदी म्हणणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. "मी शालन. इचलकरंजीसनं आलो. मला कालच कळलं."

पानं हातात धरून मी तशीच उभी राहिले. सव्वीस वर्षं ज्या बाईवरून तुमचं-माझं भांडण चाललं, ती बाई दारात उभी होती आणि भांडायला तुम्ही नव्हता.

त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला सांगायचंय. त्यासाठीच लिहायला बसलेय. पण आधी जरा मागचं बोलू द्या. तुम्ही गेल्यापासून घरात माझ्याशी या विषयावर बोलणारं कुणी उरलेलं नाही.

तुम्ही कागलला मला बघायला आलात तेव्हा सासूबाई मला पुरणाचं विचारत होत्या, कटाची आमटी येते का विचारत होत्या. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून माझ्या हाताकडं बघत होता. मी पोह्यांची बशी पुढं केली तर तुम्ही बशी न घेता विचारलंत, "हे बोट कशानं वाकडं?"

"बॉल लागून."

"कसला बॉल?"

"बास्केटबॉल."

"कुठं खेळायचीस?"

"वारणानगरला. होस्टेलला होते."

तुम्ही बशी घेतलीत, खाली ठेवलीत. "जागा कुठली?"

"गार्ड."

"डाव्या हातानं ले-अप जमतो?"

"जमतो," मी म्हणाले. माझे वडील घाबरून माझ्याकडं बघत होते. पोरीनं काहीतरी गुन्हा कबूल केला असं त्यांना वाटलं असणार. तुम्ही सासूबाईंकडं वळून म्हणालात, "आई, हिला करू या." ह्यांनी मला नंतर सांगितलं, परतीच्या वाटेवर त्यांनी तुम्हाला विचारलं होतं की ताई, मला काही विचारशील का नाही. तुम्ही म्हणाला होता, "तुला काय कळतंय त्यातलं?"

मग कळलं ते असं. तुमचं बालपण वारणानगरच्या कारखान्याच्या वसाहतीत गेलेलं. माझ्याआधी बारा वर्षं त्याच कोर्टावर तुम्ही खेळला होता. तुमची टीम राज्य स्पर्धेत सेमीफायनलपर्यंत गेलेली. आमची फायनलला जाऊन हरलेली. फुलेवाडीतल्या घरात, लग्नाला दोन महिने झाले नसतील, आपण घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुमची टीम फायनलला गेली ते खरं. पण आमच्या टीमपुढं टिकली नसती."

मी नवी सून. गप्प बसायला हवं होतं. "वीस पॉइंटनी हरवलं असतं तुम्हाला," मी म्हणाले.

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. त्यांना वाटलं, आपण खरंच भांडतोय. खरंच भांडत होतो म्हणा.

त्या दिवसापासून आपण ती मॅच किती वेळा खेळलो असू? कधी न झालेली, कधी होऊ न शकणारी मॅच. तुम्ही एकोणीस वर्षांच्या, मी एकोणीस वर्षांची. त्यासाठी किती अटी ठरवल्या आपण. तुमच्या वेळी तीन पॉइंटची रेघच नव्हती. लांबून मारा नाहीतर रिंगखालून, दोनच पॉइंट. आमचा अर्धा खेळ त्या रेघेच्या बाहेरून. मग तोड निघाली की पहिला हाफ तुमच्या नियमानं, दुसरा आमच्या. कोर्ट तुमचं, मुरमाचं, कारण सिमेंटवर खेळायची तुमच्या पोरींना सवय नव्हती. त्यावर मी बुटांची अट मागून घेतली. तुमच्यातल्या दोघी अनवाणी खेळायच्या, त्यांना आमच्याकडचे बूट द्यायचे, नाहीतर जिंकण्यात मजा नाही. तुमचे पीटीचे सर पुस्तकात वाचून शिकवायचे. आमच्या मॅडम ओकारी येईपर्यंत पळवायच्या. "पुस्तकातलं लक्षात राहतं," तुम्ही म्हणायचा. "पळालेलं विसरतंय माणूस."

कणीक मळता मळता तुम्ही रिबाउंड घ्यायचा. मी भाकरी उलटवताना बॉल पळवून न्यायचे. तुमची टीम रिंगखाली हात पसरून भिंतीसारखी उभी राहायची, आमची अख्ख्या कोर्टावर अंगाला चिकटायची, प्रेस करायची. भिंत भारी की चिकटणं भारी, यावर आपली एक अख्खी दिवाळी गेली आणि करंज्या करपल्या. हे पेपर वाचत बसलेले असायचे. आवाज फार चढला की पेपरमागून म्हणायचे, "दोघीबी जिंकला. आता वाढा." ते ऐकलं की आपण दोघी एक व्हायचो आणि त्यांच्यावर तुटून पडायचो.

वन्सं, मी लग्न करून आले तेव्हा घाबरलेली होते. माहेरी परत आलेली मोठी नणंद, दूध संघात नोकरी, बोलायला सडेतोड. कागलच्या बायकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की जपून राहा. तुमचा संसार तीन वर्षांत मोडला, त्यावर तुम्ही कधी बोलला नाहीत आणि घरात कुणी विचारत नव्हतं. पण या घरात पहिल्यांदा मला माझं म्हणून कुणी काही विचारलं ते तुम्ही. बाकी सगळे विचारायचे, हे येतं का, ते येतं का. तुम्ही विचारायचा, "प्रेस मोडायला आलं कुणी तर काय करायचीस तू?" दिवसभर कपडे, डबे, पोरांचं दुखणंखुपणं, आणि मध्येच कुणीतरी मला आठवण करून द्यायचं की मी एके काळी गार्ड होते.

तुम्हाला आठवतं, वारणानगरला लग्नाला गेलो होतो ते? तुम्ही सत्तेचाळीसच्या असाल. अक्षता पडल्या आणि तुम्ही मला खुणेनं बाहेर बोलावलंत. कॉलेजला सुट्टी, कोर्ट मोकळं, एक बॉल कुणीतरी झाडाखाली टाकून गेलेलं. तुम्ही पैठणीचा पदर खोचलात आणि म्हणालात, "पाचपर्यंत." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. मी दोन बास्केट केल्या, मला वाटलं, झालं. तिसऱ्यांदा आत घुसले तर तुम्ही कंबरेचा असा धक्का दिलात की मी बसले खाली, नव्या साडीसकट. "हा फाउल आहे वन्सं," मी म्हणाले. "हाय की," तुम्ही म्हणालात, "पण बघितलं कुणी?" आणि बॉल उचलून रिंगखाली गेलात, पाठ माझ्याकडं करून, एका पायावर वळून टाकलात. रिंगला न लागता जाळीतून पडला. मी खाली बसूनच बघत होते. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी घरात कधी पाहिलं नव्हतं. परत हॉलकडं जाताना तुम्ही मागं मागं राहिलात. मला वाटलं, दमलात.

आणि शालन. आपली मॅच शेवटी शालनपाशी येऊन अडायचीच.

तुम्ही मला तिची गोष्ट पहिल्या वर्षीच सांगितली होती. तुमच्या टीममधली सगळ्यात चांगली पोरगी शालन. राज्य स्पर्धा नाशिकला होती, आणि तिच्या आठ दिवस आधी शालनचं लग्न ठरलं. मुलगा नोकरीवाला, मुहूर्त जवळचा, वडिलांनी होकार दिला. टीम निघाली त्या सकाळी शालन हळदीच्या अंगानं एसटी स्टँडवर आली. घरात नारळ आणते म्हणून सांगून आलेली. तिच्या पायात नवे बूट होते, स्पर्धेसाठी घेतलेले. ते तिनं तिथंच काढले, एका मैत्रिणीच्या हातात दिले आणि अनवाणी घरी गेली. टीम तिच्याशिवाय सेमीफायनलला हरली. थोडक्यात हरली.

"म्हणून म्हणतो," तुम्ही म्हणायचा, "मॅच खरी लावायची तर शालनला धरायला पायजे."

आणि मी दर वेळी म्हणायचे, "नाही वन्सं. टीम त्या सीझनला होती तशी धरायची. शालन नव्हती, तर नव्हती."

"ती असायला पायजे होती."

"असायला तर आमच्याकडंही पुष्कळ जणी पाहिजे होत्या."

एकदा तर मी म्हणाले, "तुम्ही संघात दिवसभर दुधाची फॅट काढता. आलंय तसंच मोजता ना? घरी जास्त घट्ट होतं म्हणून कुणी सांगितलं तर चालवून घेता का?" तुम्ही पाटीतली पुढची शेंग उचललीत. मला वाटलं, जिंकले. चार लोकांत ही गोष्ट सांगून मी हशा मिळवला. तुम्हीही हसला होता.

हॉस्पिटलमधला शेवटचा आठवडा. तुम्हाला आडवं होता येत नव्हतं, श्वास अडायचा. पायांवर सूज, बोट दाबलं की खळगा पडायचा. मी दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायचे आणि तुम्ही दोन घास खाऊन झाकण लावायचा. त्या मंगळवारी तुम्ही उशांना टेकून बसला होता. म्हणालात, "सुजे, मॅच लाव."

मी खुर्ची जवळ ओढली. पहिला हाफ तुमच्या नियमानं. तुम्ही एकेक शब्द बोलत होता, मध्ये थांबत होता. हाफला तुम्ही चारनी पुढं होता. मग तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "एकदा शालनला घे की. एकदाच."

वन्सं, मला घ्यायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मला वाटलं, सव्वीस वर्षांत जे दिलं नाही ते आज दिलं तर तुम्हाला कळेल. मी हार मानली म्हणजे डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन काय सांगितलं ते तुमच्या लक्षात येईल. म्हणून मी नेहमीच्या आवाजात, नेहमीसारखी म्हणाले, "न्हाय वन्सं. टीम होती तशी."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "बरं," म्हणालात आणि मनगटावरचा हात काढून घेतलात. "ऱ्हाऊ दे मग. उद्या बघू." गुरुवारी पहाटे फोन आला.

तर तेराव्याला शालनताई आल्या.

मी त्यांना आत बसवलं, पान वाढलं. तुमच्या फोटोकडं बघत त्या सावकाश जेवल्या. लोक पांगले होते, हे आचाऱ्याबरोबर मागच्या अंगणात भांडी मोजत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "शालनताई, तुमच्याबद्दल वन्सं फार बोलायच्या. तुमचं लग्न स्पर्धेच्या वेळेलाच झालं ना. तुम्ही असता तर टीम फायनलला गेली असती म्हणायच्या."

त्यांचा घास हातातच राहिला. "माझं लग्न? माझं लग्न तर पुढं पाच वर्षांनी झालं."

"मग नाशिकला…"

"नाशिकला मी होतो की. सगळ्या मॅचा खेळलो." त्यांनी हात ताटावर टेकवला. "नव्हती ती इंदी. लग्न इंदीचं लागलं."

त्याच बोलत राहिल्या. "आठ दिवस राहिलेलं. सरांनी तिच्या वडलांना सांगून बघितलं. म्हाताऱ्यांनी चहा दिला सरांना, चांगलं बोलले, पण मुहूर्त काय हलवला न्हाई. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. ही आली स्टँडवर, अंगाला हळद. बूट काढले आन माझ्या हातात दिले. मला मोठे व्हायचे, पुढं कापूस घालून खेळलो. आन ती चालत गेली. गाडी तिच्या बाजूनंच गेली, आम्ही सगळ्या खिडकीत. तिनं वर बघितलं न्हाई."

तुम्ही सांगितलेली गोष्ट होती, शब्दाला शब्द. फक्त बुटातले पाय बदलले होते.

"पण त्यांनी तुमचं नाव का घातलं?" मी विचारलं.

शालनताईंनी जरा विचार केला. "मला न्हेलं न्हाई, असं सांगायला तोंड होत न्हाई गं. दुसऱ्याचं म्हणून सांगता येतंय." मग म्हणाल्या, "आन बाप तर घरात बसलेला. त्याच्यासमोर कसं सांगंल?"

मामंजी गेले त्याला अकरा वर्षं झाली. तरी तुम्ही नाव बदललं नाहीत. कदाचित तोवर सवय झाली असेल. किंवा माझ्यासाठीच ठेवलं असेल, मी त्यांना शेवटपर्यंत वाढलं, त्यांचे पाय चेपले, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही येऊ नये म्हणून. मला माहीत नाही. मला हे विचारायचं होतं तुम्हाला. ह्यांना संध्याकाळी विचारलं, तर ते नऊ वर्षांचे होते तेव्हा. त्यांना लग्नातली बुंदी आठवते, आणि ताई रडली नाही म्हणून बायका बोलत होत्या ते आठवतं.

मी काय केलं ते आता मला कळतंय. शालन नव्हती तर नव्हती, असं मी तुम्हाला तुमच्या तोंडावर सव्वीस वर्षं सांगत आले. भाकऱ्या थापताना सांगितलं, हसून सांगितलं, दुधाचा दाखला देऊन सांगितलं. तुम्ही दर वेळी स्वतःला त्या कोर्टावर उभं करायला बघत होता आणि मी दर वेळी तुम्हाला बाहेर काढत होते. ज्यांनी आधी काढलं त्यांना निदान मुहूर्ताचं कारण होतं. मला नुसतं जिंकायचं होतं.

तरी तुम्ही पुन्हा मॅच लावायचा. आठवडा जायचा आणि शेंगांची पाटी ओढून म्हणायचा, "चल, टॉस कर." एवढं होऊनही तुम्ही मला खेळायला बोलवत होता, याचं काय करावं मला समजत नाही. रागावला असता तर सोपं होतं.

मी रडायला लागले तेव्हा शालनताईंनी हात धुतले, येऊन माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, हॉस्पिटलचंही. त्यांनी ऐकून घेतलं. समजूत घालतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "किती पॉइंट झालते?"

"काय?"

"हाफला. तू म्हणालीस की ती पुढं होती."

"चारनी."

"मग ऱ्हायलेला हाफ हाय अजून." त्यांनी पदर खोचला, बसल्या जागी. "मी आमच्याकडनं बोलतो. तू तुमच्याकडनं. इंदी रिंगखाली, सेंटरला."

वन्सं, तुमच्या तेराव्याला, अंगणात भांड्यांचा आवाज चालू असताना, आम्ही दोघींनी मॅच पुढं खेळली. मी दया म्हणून एकही बास्केट दिली नाही, ते तुम्हाला आवडलं नसतं. तीन पॉइंटच्या रेघेबाहेरून मी दोन मारल्या. शालनताईंनी कोपऱ्यातून मारली. तुम्ही रिंगखाली पाठ करून, एका पायावर वळून टाकलीत, शालनताई म्हणाल्या, "ती अशी टाकायची," आणि मी म्हणाले, "माहिताय, मी खाली बसून बघितलीय." बरोबरी झाली. शेवटची दोन मिनिटं राहिली.

तेव्हा शालनताई थांबल्या. प्रामाणिक बाई आहे. म्हणाल्या, "एक सांगू का, एवढ्या वेळात इंदीचे पाच फाउल झाले असते. कंबर लई मारायची ती. दर मॅचला शेवटी बाहेर बसायची."

नियमानं तुम्ही बाहेर. आमच्यासमोर रिंगखाली मोकळं मैदान. मी समोरच्या टीमची गार्ड, मला तर हेच हवं होतं.

"नाही," मी म्हणाले. "फाउल कुणी बघितलेला नाही. त्या खेळतील."

शालनताई मान हलवून पुढं बोलू लागल्या. आम्ही एका पॉइंटनं जिंकलो, वन्सं. शालनताईंना ते मान्य नाही, जाताना रिक्षात बसेपर्यंत त्या माझ्याशी वाद घालत होत्या. पण शिट्टी झाली तेव्हा तुम्ही कोर्टावर होतात.